तिसऱ्या बुडीतला गारठा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. भिवंडीजवळच्या काल्हेरमधल्या आपल्या घराच्या ओट्यावर हेमाली भोईर एका गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघत होती. गिऱ्हाईक बँकेत कारकून, पुढच्या आठवड्यात मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी जाणार. अंगात काळा रबरी वेटसूट. फार आवळतोय, अशी त्याची तक्रार होती.

"श्वास घेता येतोय ना? मग बरोबर आहे," हेमाली म्हणाली. "सैल हवा असेल तर कुर्ता घाला."

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. आत पाण्याचा पातळ थर शिरतो, तो अंगाच्या उबेनं तापतो आणि सूट त्याला धरून ठेवतो. सूट सैल असला की पाय मारला रे मारला, तापलेलं पाणी बाहेर आणि थंड आत. म्हणून आधी अंगाला चिकटणारा लायक्रा, त्यावर डोक्यासकट येणारं पातळ रबराचं जाकीट, त्यावर मापाचा सूट. रबर वाढलं की माणूस जास्त तरंगतो, तेव्हा कमरेच्या पट्ट्यातलं शिसंही वाढवायचं. होडीवर वाऱ्यासाठी कोरडा विंडचीटर वेगळा. आपला समुद्र कोमट, तिथे एवढं कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. पहिल्या बुडीत काही वाटत नाही. दुसरीतही नाही. पण कोमट पाणीसुद्धा अंगातली ऊब काढून घेतच असतं, आणि तिसरीत ते कळतं.

हेमालीनं हे पुस्तकात नंतर वाचलं. आधी ते अंगावर घेतलं होतं.

तिचा दीर दीपेश अंबाडी रस्त्यावरच्या एका फार्महाऊसच्या तलावात पोहण्याचे आणि डायव्हिंगचे क्लास घेत असे. फार्महाऊसचा मालक पडघ्याचा चांगदेव. खाडीकाठी वाढलेली हेमाली तिथे दिराच्या बरोबरीनं शिकवायची. थंडीत दोघं मिळून मालवणला ग्रुप न्यायचे. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या बुडीला ती नवशिक्यांना घेऊन तळाशी गुडघे टेकून बसली होती. शिकवणाऱ्याला हलता येत नाही, म्हणून तोच आधी गारठतो. तिच्या अंगात कुणाचा तरी अर्ध्या बाह्यांचा पातळ सूट होता. बोटं मिटेनात, तेव्हा तिनं सगळ्यांना रीतसर वर पाठवलं आणि शेवटी स्वतः आली.

दीपेश होडीवर बसून होता. तिचे निळे ओठ बघून तो लोकांना म्हणाला, "पानी काय गार नव्हता. वयनी भ्याली."

होडी हसली. हसणाऱ्यांत चांगदेवही होता. त्याच आठवड्यात त्यानं सगळ्या बॅचेस एकट्या दीपेशकडे दिल्या. भिणाऱ्या बाईकडे पोरं कोण पाठवेल, हा त्याचा हिशेब. पुढच्या लग्नसराईत प्रत्येक हळदीला कुणी ना कुणी तिला विहिरीजवळ जाऊ नकोस म्हणून बजावलं. नवरा अनंता म्हणाला, घरातली गोष्ट आहे, सोडून दे.

तिनं सोडलं नाही. जुने वेटसूट विकत घेतले, उसवलेले सांधे चिकटवायला शिकली, भाड्यानं द्यायला लागली. आणि दीर आपल्या ओट्यावर कधी येतो, याची वाट बघत राहिली.

गेल्या नोव्हेंबरात तो आला. मालवणपेक्षा तिचे सूट स्वस्त पडत होते. शिवाय ग्रुपमधल्या बायकांना पाण्याखाली सोबतीला बाई हवी होती, म्हणून तूही चल, असं त्यानं सांगितलं. ती लगेच हो म्हणाली. त्याला तिथेच शंका यायला हवी होती.

ग्रुपमधल्या एकेकाला तिनं माप घेऊन सूट दिला, आत काय घालायचं ते समजावलं. दीपेश तेव्हा फोनवर होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याच्या हातात बाजारातून आणलेला जाडजूड सुती इनर होता. यंत्रमागांच्या भिवंडीचा माणूस कापड हातात तोलून बघतो. वजनाला भारी ते उबेला भारी. जमिनीवर हे चालतं. पाण्यात सुती कापड फक्त पाणी पितं.

"एक नंबर मोठा दे वयनी, आत हा बसला पायजे," दीपेश म्हणाला.

"घ्या भावजी." तिनं एक नंबर मोठा काढून दिला. आणखी काही बोलली नाही.

मालवणला तिसऱ्या बुडीत नवशिक्यांसमोर गुडघे टेकून बसण्याची पाळी दीपेशची होती. हेमाली त्याच्यापासून दोन हातांवर, डोक्यापर्यंत झाकलेली, त्याच्या बोटांकडे बघत. बोटं थरथरायला लागली. त्यानं वर जाण्याची खूण केली, तशी तिनं सगळ्यांना सावकाश वर आणलं.

होडीवर वारा होता. दीपेशला कमरेचा पट्टा सोडवेना. तो हेमालीनं सोडवला. चांगदेव या खेपेलाही होडीत होता. "काय दीपेश, हवा टाइट?" त्यानं विचारलं आणि लोक हसले. हेमालीनं पिशवीतून कोरडा विंडचीटर काढला. दीपेशनं हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.

"भावजी, भ्यालात का गारठलात?"

ती विंडचीटर धरून उभी होती.

"गारठलो," तो म्हणाला.

"आणि त्या वर्षी मी?"

"तू पन."

"मला माहीत आहे. यांना सांगा."

दीपेश चांगदेवकडे वळला. दात वाजत होते, म्हणून वाक्य दोनदा बोलावं लागलं. "वयनी गारठली व्हती. भ्याली नव्हती." मग हेमालीनं त्याला विंडचीटर घातला आणि लहान मुलाची लावावी तशी गळ्यापर्यंत चेन लावली.

परतल्यावर दीपेशची बायको करिष्मा ओट्यावर आली.

"ताई, मोठा सूट दिलास तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"काही झालं असतं म्हणजे?"

आपण त्याच्यापासून दोन हातांवर होतो, हेमालीनं सांगितलं. आपण गारठलो तेव्हा तेवढ्या अंतरावर कुणीच नव्हतं. करिष्मा उठली. तेव्हापासून ती जावेशी सणापुरतं बोलते. अनंता सणालाही त्या विषयावर बोलत नाही. पश्चात्ताप होतो का, असं विचारणारे बरेच आहेत. त्यांना हेमाली सांगते की सूट उसवून परत आला, त्याचं वाईट वाटतं.

चांगदेवनं जानेवारीत बॅचेस पुन्हा वाटल्या. उद्या रविवार. सकाळी साडेसातला खोल पाण्यातली मोठ्यांची बॅच हेमाली घेईल. उथळ बाजूला लहान मुलांबरोबर दीपेशची ड्युटी आहे, आणि पाण्यात उतरण्याआधी त्यानं हजेरी तिच्याकडे लावायची आहे.