दुसरा थर

त्या दिवशी सकाळी टँकर आला. आबा पाइप लावायला टाकीवर चढले. टाकीचं छत फुटलं आणि आबा आत पडले. केजच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. रंजना, तू तेव्हा सासरहून माहेरी आलेली होतीस. जीपपर्यंत माझी पिशवी तूच आणलीस. माय मात्र माझ्या वळकटीशी झटत होती. मी ती नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधली होती. मायनं गाठ सोडली, दोरी काढून घेतली आणि जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्यानं वळकटी बांधली. "दोरी हितं लागतीय," म्हणाली. मग जीप हलेपर्यंत एकच धोशा. "पोचला की फोन कर. रोज कर. आवाज ऐकू दी." मांजरसुंब्याला गाडी बदलताना तो काठ सुटला आणि अंथरूण रस्त्यावर पसरलं. मला मायचा राग आला. लेकाला एक दोरी द्यायला काय झालं होतं?

तेव्हापासून मी कर्नाटकच्या किनाऱ्यावर आहे. लाटांवर उभं राहायच्या फळ्या बनवतो. इथं त्यांना बोर्ड म्हणतात. ज्या गावाला प्यायला टँकर लागतो तिथला माणूस समुद्रावर उभं राहायची सोय करतो, हे तुझ्या सासरी सांगितलंस तेव्हा सगळे हसले, असं तूच सांगितलं होतंस. हसण्यासारखंच आहे.

काम असं असतं. फोम तासून आकार येतो. त्यावर काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, मुरवायचं आणि जास्तीचं पट्टीनं निपटून काढायचं. रेझिन जास्त राहिलं तर कवच ठिसूळ होतं, कमी पडलं तर कापड कोरडं राहतं. खालच्या बाजूला एक थर पुरतो. वरच्या बाजूला, जिला डेक म्हणतात, तिला दोन लागतात, कारण माणूस तिथं उभा राहतो. टाचेचं ओझं रोज त्याच जागी पडतं. आधी खळगा पडतो, मग कवच फोमपासून सुटतं. वरून काही दिसत नाही. बोटाच्या पेरानं वाजवलं तरच कळतं. चांगला डेक टणक बोलतो, सुटलेला पोकळ बोलतो.

बाजारात माठ घेताना आबा असंच वाजवून घ्यायचे. "रंगाला भुलू न्हाई. आवाज ऐकावा."

हे काम मी माजलगावकडं शिकलो. साखर कारखान्याच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर लावणाऱ्या ठेकेदाराकडं मी होतो. जेवणाच्या सुट्टीत वाचत बसायचो म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा. "प्रोफेसर, पुस्तक मिटा अन् डबा हलवा, नसता रेझिन दगड हुईल." दुष्काळात ऊस वाळला, गाळप झालं नाही, कामही संपलं. मी घरी आलो.

आबा गावच्या दूध संस्थेत होते. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि संस्थेनं आपली फायबरची टाकी टँकरच्या पाण्यासाठी गावाला दिली. आबा रोज वर चढून पाइप धरायचे. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया त्यांना चिडवायच्या, "आबा, वरून पाऊस दिसतोय का वो?" आबा हात कपाळावर धरून बघायचे. "दिसतोय की. लातूरला पडाय लागलाय. तुमी घागर सरळ धरा आधी."

उन्हानं छताला तोंडाजवळ तडा गेला. मी म्हणालो, मी बुजवतो. काचेच्या धाग्याच्या मॅटचे दोन तुकडे मी एका मापाचे कापले, टाकीच्या तोंडासाठी अर्धगोल खाच ठेवून. मे महिना होता. मी छतावर उन्हात बसलो आणि रेझिन घट्ट करणारा हार्डनर घातला तो मात्र माजलगावच्या सावलीतल्या मापानं. उन्हात तो कमी लागतो. पहिला थर बसवेपर्यंत डब्यातलं रेझिन तापलं, त्यातून धूर निघाला आणि ते खरंच दगड झालं. दुसऱ्या थरासाठी बीडहून आणायला हवं होतं. टँकर सकाळी येणार होता. मी त्या एका थरावर रंग मारला.

आबांनी खालून विचारलं, "झालं का?"

"झालं."

"वाजवून बघितलं का?"

"बघितलं."

वाजवलं नव्हतं. उरलेला तुकडा मी घरी फळीवर, वाकळींच्या मागं सारला. पुढच्या आठवड्यात लावू, असं मनाशी म्हणालो. ती जागा अकरा दिवस टिकली.

गाव म्हणालं, उन्हानं फायबर खाल्लं. मी मान हलवली. रंजना, तुझ्यासमोरही मी मान हलवली.

इथं मी समुद्रात कधी उतरलो नाही, गुडघ्यापर्यंतही नाही. टाकीत पाणी गुडघाभरच होतं. नवा बोर्ड पाण्यात गेला की तो परत येईपर्यंत मी वाळूवर उभा राहतो. कुणी पत्र्यावर, गच्चीच्या कठड्यावर, साध्या स्टुलावर चढलं तरी माझं लक्ष त्याच्या टाचेकडं जातं. पण सगळ्यात जास्त भीती मला मायच्या फोनची वाटायची. ती चारा विचारायची नाही की पाणी सांगायची नाही. जेवलास का, झोपलास का, एवढंच. तरी प्रत्येक वेळी वाटायचं, आज ती टाकीचं विचारणार.

मागच्या महिन्यात एका मुलीनं हलका बोर्ड मागितला. मालक म्हणाले, डेकला एकच थर दे. मी दोन कापले.

"अरे, एक बोला था ना?"

"दूसरा कट गया."

"तो रख दे अलमारी में."

मला पट्टी धरवेना. दुसरा तुकडा मी हातातून सोडला नाही. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लगा दे, बाबा, लगा दे. रो मत." मुलीनं बोर्ड उचलून बघितला. "हा बोर्ड आहे की म्हैस?" म्हणाली. पण घेऊन गेली, लाटांवर उभी राहिली आणि परत आली.

म्हशीची गोष्ट मी संध्याकाळी मायला हसत सांगितली. ती हसली नाही.

"किती थर देतो रे तू?"

"दोन."

मग म्हणाली, "त्यातला दुसरा हितं हाय. माझ्या पेटीत."

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी वाकळी काढताना तिला तो सापडला होता. जन्मभर वाकळी शिवलेली बाई ती. कापलेला तुकडा बघून तो कुठं बसणार होता हे तिला कळतं. टाकीच्या तोंडाची खाच त्याला होतीच. काचेच्या धाग्यानं चार दिवस तळवे खाजत होते, म्हणाली.

"मग बोलली कावून न्हाईस?" किती तरी दिवसांनी गावाकडचा हा 'कावून' माझ्या तोंडी आला.

"बोलले आसते तर तू गेला आसतास."

"गेलोच की, माय."

"जित्ता गेलास."

तेव्हा मला ती नायलॉनची दोरी आठवली. वळकटीवर वाकलेली माय आठवली. तिनं माझ्या चुकीकडं बघितलं होतं आणि लगेच माझ्या हातातल्या दोरीकडं. इतकी वर्षं मी तिच्या प्रश्नाला भीत होतो आणि ती माझा आवाज ऐकू येतो की नाही याला भीत होती.

रंजना, मायला मी सगळं सांगितलं. तुलाही सांगायला हवं म्हणून हे लिहिलं. एकच थर होता. मी वाजवलं नव्हतं.

तू विचारतेस, गावाकडं आता आपलं काय उरलंय. आबा नाहीत. टाकी संस्थेनं केव्हाच हलवली. माय आहे. तिच्या पेटीत तो तुकडा आहे, आणि दोरी तिनं अजून मला परत दिलेली नाही.