दाक्षायणीची दोन अक्षरं

बाळीवेशीतल्या आमच्या छापखान्यात दाक्षायणी पुढं संगणकावर बसते आणि मी मागं मशीन चालवतो. लग्नसराईत पत्रिकांशिवाय दुसरं काम नसतं. टायपिंग करून करून तिची मनगटं धरली, तेव्हा डॉक्टरांनी हात जपायला सांगितलं. दुसरी कुणी असती तर काम सोडून घरी बसली असती. ही बया दुपारचा डबा खाता खाता मोबाईलवर व्हिडिओ बघून स्क्रिप्ट लिहायला शिकली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला आधीच सांगून ठेवलेली कामं. आता ती दोन बटणं दाबते, पडद्याच्या मधोमध एक बारकी चौकट उघडते, तिच्यात दोन अक्षरं टाकली की वरच्या 'श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न'पासून खालच्या आग्रहाच्या निमंत्रणापर्यंत सगळी पत्रिका जागच्या जागी बसते. आणखी दोन अक्षरं टाकली की प्रूफ गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर.

मला हे पटत नव्हतं, स्पष्टच सांगतो. काम इतकं सरसर व्हायला लागलं की माणूस वाचायचं सोडून देतो, असं मी तिला ऐकवायचो.

"मामा, तुमचं मशीन तरी कुटं वाचतंय?" ती म्हणायची.

आमच्याकडं लिंगायत घरांच्या पत्रिका जास्त. त्यांच्यात माणूस गेला की नावाआधी 'लिंगैक्य' लावतात. मागं एका पत्रिकेत तो शब्द राहून गेला आणि गेलेला माणूस हयात असल्यासारखा छापला गेला. सगळी भावकी आमच्या दारात येऊन नको नको ते बोलून गेली. दाक्षायणीनं त्याच दुपारी स्क्रिप्टमध्ये सोय केली. आजोबांचं नाव आलं की 'लिंगैक्य' आपोआप लागणार, आजोबा हयात असले तर तो शब्द हातानं काढायचा. बहुतेक घरांत आजोबा गेलेलेच असायचे, त्यामुळं काढायची वेळ क्वचितच यायची.

या सराईत होटगी रोडवरच्या श्रीशैल यांच्या मुलीची पत्रिका आली. तिचे आजोबा चनबसप्पा नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. हृदय पार थकलेलं. मोठा धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लग्न पुढल्या वर्षी होतं, ते आप्पांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून अलीकडं ओढलं, हे श्रीशैल स्वतः आम्हाला सांगून गेले. प्रूफ गेलं. घरच्यांनी मुहूर्त बघितला, कार्यालयाचं नाव बघितलं, जावयाची पदवी बघितली आणि व्हॉट्सॲपवर अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळे झाले. आजोबांच्या ओळीवर कुणाची नजर थांबली नाही.

छापून झाल्यावर श्रीशैल पत्रिकांचे गठ्ठे घेऊन गेले आणि थोड्या वेळानं छापखान्याचा फोन वाजला. दाक्षायणीनं उचलला. आवाज इतका मोठा की मला मागं ऐकू येत होता.

"मी चनबसप्पा बोलतोय. पोराचा फोन लागंना. पत्रिका झाल्या व्हय?"

"झाल्या की आप्पा. घेऊन गेले आत्ताच."

"बरं झालं. पहिली मीच सिद्धेश्वराफुडं ठिवणार हाय. डॉक्टर नगं म्हणतोय, म्हणू दे. माझं नाव नीट आलंय न्हवं?"

बोलता बोलता सवयीनं तिच्या हातानं ती चौकट उघडली होती. पत्रिका पडद्यावर आली. जो माणूस तिच्या कानात बोलत होता, त्याच्या नावाआधी 'लिंगैक्य' होतं.

"आलंय, आप्पा," ती कशीबशी म्हणाली. रिसीव्हर ठेवून तिनं मला हाक मारली आणि पडद्यावरची ओळ दाखवली.

श्रीशैल यांचा फोन लागेना. आप्पांनी पत्रिका वाचायच्या आत गठ्ठे परत आणायला हवे होते. मी स्कूटर काढली. सात रस्ता चौकात ही गर्दी! मी रिक्षावाल्यांवर खेकसत होतो, मागं दाक्षायणी बसलेली. तिचा असा राग आला होता मला, आणि तेवढीच कीवही येत होती.

"शाई पसरलीय म्हणून सांगू आणि गठ्ठे उचलू," मी म्हणालो.

"नको मामा. फोनवर बोलले तेवढं खोटं बास झालं."

घराचं दार उघडंच होतं. आप्पा खुर्चीत बसलेले, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, समोर हळदीकुंकवाचं ताट. पायाशी बसून त्यांची नात महेश्वरी, म्हणजे नवरीच, त्यांना पत्रिका वाचून दाखवत होती. आम्ही उंबऱ्यातच थबकलो. ती त्या ओळीपाशी आली आणि गप्प झाली. मग अंगठा शब्दावर दाबून तिनं वाचलं, "चनबसप्पा यांची नात."

"का थांबलीस गं?"

"काय न्हाय अज्जा."

"दे हिकडं. माझं नाव मीच बघतो."

ती सोडेना. एका पत्रिकेवर दोघांचे हात. म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं चष्मा चढवला. तेवढ्यात दाक्षायणी आत गेली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"आप्पा, माझी चूक झालीय. तुमच्या नावाआधी लिंगैक्य पडलंय."

श्रीशैल आतून धावत आले. "घरात कार्य हाय आन् तुमी..." आप्पांनी नातीचा अंगठा हळूच बाजूला केला, पत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि वाचली. ते पडतात की काय, म्हणून श्रीशैलनी खुर्ची धरली.

"हे कोण लिवलं?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर आपोआप लावतो. पण त्याला सांगितलं मीच. आजोबा म्हणजे गेलेलेच, असं मीच धरून चालले. सांजच्याला सगळ्या नव्या आणून देते, आप्पा."

म्हाताऱ्यानं पत्रिका तिच्या हातात दिली.

"मग त्यो शब्द मशीनमधनं पुसू नगं," ते म्हणाले. "लगीन होस्तवर जरा बाजूला सरकीव. मागनं लागंलच की."

महेश्वरी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि श्रीशैलना म्हणाले, "बाईला पाणी दे. लांबनं आलीय."

गठ्ठे घेऊन आम्ही परत आलो. दाक्षायणीनं ती चौकट उघडली नाही. दुखऱ्या हातांनी सबंध पत्रिका तिनं अक्षर अक्षर टाईप केली, आप्पांची ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली, आणि मी कागद लावायला गेल्यावर ती स्क्रिप्ट उघडून बसली. मी मागून डोकावलो. आपोआप लिंगैक्य लावणाऱ्या सगळ्या ओळी ती पुसून टाकत होती. आप्पांचं तेवढं एक म्हणणं तिनं ऐकलं नाही.