अमेरिकेचा फुटबॉल आणि मार्गासनीच्या ढाली

चहा आधी पिऊन घ्या. पुढचं ऐकल्यावर तुम्ही माझ्याबरोबर एका टेबलाला बसाल की नाही, याची खात्री नाही. अहो, माणसाने तोंडघशी पडावं म्हणजे किती पडावं? मी मार्गासनीत जो पडलो, तो अजून उठतोच आहे!

आमच्या घरात लग्नाच्या बैठकीला मला पुढे घालतात. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, अतिशय मितभाषी. 'बरं' आणि 'चालेल' एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा अख्खा संसार झाला. त्यामुळे बोलण्याचं खातं माझ्याकडे. आणि माझी एक पद्धत आहे बरं का! समोरच्याला काय आवडतं ते आधी काढायचं, त्याचा अभ्यास करायचा आणि पोह्यांबरोबर तोच विषय वाढायचा. एका सोयरिकीसाठी मी आठ दिवस इंद्रायणी तांदळावर वाचत बसलो होतो. जमली की नाही सोयरीक? जमली!

तर दादांची सायली. पुण्यात नोकरीला. मार्गासनीच्या ओंकारचं स्थळ आलं, दोघं पुण्यातच दोनदा भेटली आणि त्यांचं आपापसात ठरूनही गेलं. आता राहिलं होतं ते घरच्यांनी घरच्यांना बघायचं. मी तयारीला लागणार, तेवढ्यात सायली भोरला आली आणि माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"काका, मला ओंकार पसंत आहे. मनापासून. तुम्ही जमवू नका, जमलेलं आहे. फक्त मोडू नका!"

"अगं, मी कशाला मोडीन? त्याला आवडतं काय, तेवढं सांग."

"काका, नको ना!"

"सांग गं."

"अमेरिकन फुटबॉल बघतो तो," ती कशीबशी म्हणाली. "पहाटे उठून."

झालं! मी मोबाईल घेऊन बसलो.

आता तो खेळ कसा आहे, हे मला विचारू नका. नाव फुटबॉल आणि चेंडू हातात! चेंडूही असा की वांगं म्हणावं की कैरी, ठरत नाही. खेळ कळेना, पण खेळानंतर टेबलाभोवती बसून जी मंडळी भांडतात ना, ती मात्र मला लगेच कळली. बोलण्याची तऱ्हा थेट आमच्या पारावरची. त्यांच्या भांडणाचा विषय एकच, क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा म्होरक्या. तो थोर की फुसका हे कशावरून ठरवायचं? तर बाद फेरीवरून! वर्षभर साखळी सामन्यांत कितीही पराक्रम करा, ते गेलं पाण्यात. फायनल मारली का ते बोला.

मला हे इतकं पटलं की काय सांगू! कारण मी स्वतः विजेत्या संघातला माणूस आहे. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या भोंगवलीच्या संघाने कबड्डीची ढाल आणली होती, त्या संघात मी होतो. हे मी बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं आणि त्यानंतरही अधूनमधून सांगत असतो.

रविवारी सकाळी निघालो. नसरापूरला पेढे घेतले. गाडीत दादा, वहिनी, माझी बायको मंगल, सायली आणि मी. सायली वाटभर म्हणत होती, "काका, हवापाण्यावर बोला. भातावर बोला." मी नुसता हसत होतो.

ओंकारचे वडील, अण्णा, दारातच उभे होते. धिप्पाड माणूस, मान आहे की ओंडका कळू नये. हसतमुख. बैठकीच्या खोलीत समोरच काचेचं कपाट आणि त्यात ओळीने सात मोठ्या ढाली! चष्मा गाडीत राहिला होता, पण ढाल ओळखायला चष्मा कशाला लागतो?

"कबड्डी?" मी विचारलं.

"व्हय. मार्गासनीचा संघ. म्याच कप्तान," अण्णा म्हणाले.

मनात म्हटलं, वा! मुलगा फुटबॉलचा, बाप कबड्डीचा. पोहे आले आणि मी सरसावलो.

"काय ओंकारराव, तुमचा क्वार्टरबॅक कोण?"

पोरगा काय खुलला म्हणता! त्याने नाव घेतलं. ते नाव मी सांगत नाही, त्या बिचाऱ्याच्या घरी आधीच वातावरण बरं नसेल. कारण गडी वर्षभर सगळ्यांना लोळवतो आणि बाद फेरीत दरवर्षी हरतो. आता शहाण्या माणसाने काय म्हणावं? 'छान' म्हणावं आणि पोहे खावेत. मी म्हणालो, "तो? अहो, तो साखळीत वाघ आणि बाद फेरीत मांजर!"

"काका, त्याच्या बचावफळीने माती खाल्ली," ओंकार म्हणाला. "एकट्याचा काय दोष?"

"ही कारणं झाली! कप्तान म्हटल्यावर जबाबदारी त्याची."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "ह्ये काय हाय, आमाला बी कळंल असं सांगा की पाव्हणं."

मला तेच हवं होतं. "सोपं आहे, अण्णा. समजा तुमचा एखादा चढाईपटू आहे. जत्रेत, तालुक्यात सगळीकडे गडी मारतो. पण फायनल आली की हरतो. त्याला काय म्हणाल?"

"काय म्हनायचं?"

"फुसका म्हणायचं!"

"संघ हरला तरी नाव त्याचंच खराब?"

"व्हायलाच पाहिजे! एकदा हरला तर नशीब म्हणू. पण पुन्हा पुन्हा हरतो, म्हणजे त्या माणसाच्या काळजातच खोट असणार. आणि असला गुण रक्तात उतरतो हो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, मंडळी प्रभावित झाली. ओंकारची आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली, मला वाटलं चहा आणायला गेली. मंगलने माझ्या पायावर पाय दिला, मला वाटलं जागा कमी पडतेय, म्हणून मी सरकून बसलो. सायलीचा चेहरा पांढरा पडला होता, पण सासरी पहिल्यांदा आल्यावर मुली घाबरतातच की!

मी उठून थेट कपाटाशी गेलो. "नाहीतर हे बघा! याला म्हणतात खेळाडू! सात ढाली! हरलेल्याने काय दाखवायचं घरात? आणि कुठल्या तोंडाने दाखवायचं?"

अण्णा सावकाश म्हणाले, "पाव्हणं, जरा जवळ जाऊन वाचा."

मी काचेला नाक लावलं. पहिली ढाल. उपविजेता. दुसरी. उपविजेता. तिसरी... अहो, सातही! एकाच शब्दाची सात वेळा उजळणी!

"सात फायनल खेळलो," अण्णा म्हणाले. "सातीबी हरलो. ती शेवटची बगा, एका गुणानं. भोंगवलीसंगं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःची मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माझं तोंड बंद होतं का? छे! सारवासारव करायला निघालो. "अरे वा! म्हणजे आपली जुनीच ओळख! त्या भोंगवलीच्या संघात मी होतो की!"

दादांनी डोळे मिटून घेतले.

"तुमी?" अण्णा ताडकन उठले. माझ्याभोवती एक फेरी मारली. "त्या संघातला एकूण एक गडी मला पाठ हाय. तुमी कुठल्या जागेला खेळायचा?"

"मी जरा... बाहेरून..."

"राखीव?"

"राखीवच म्हणायचं..."

अण्णांनी डोळे बारीक केले आणि एकदम मांडीवर थाप मारली. "अवं, चपला! मैदानाच्या कडंला समद्यांच्या चपला राखत बसलेला बारका गडी! त्यो तुमी व्हय!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो. खरं आहे ते. चपलाच राखत होतो. त्या स्पर्धेत मी एक मिनिटही मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. पण पदक सगळ्यांना मिळालं, मलाही मिळालं. तीस वर्षं लपवलेली गोष्ट मार्गासनीच्या बैठकीत, बायकोसमोर उघडी पडली. मंगल माझ्याकडे अशी बघत होती की लग्नाचा पुनर्विचार चालला असावा.

सोयरीक गेली, मीच घालवली, एवढंच डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात सायली उठली.

"अण्णा, काकांचं मनावर घेऊ नका. आमचे काका आजवर एकही फायनल हरलेले नाहीत. कारण ते एकही खेळलेले नाहीत! हरायलासुद्धा आत उतरावं लागतं. तुम्ही सात वेळा उतरलात. मला तुमच्याच घरी यायचं आहे."

आणि अण्णा जे हसायला लागले! हसता हसता डोळे पुसले आणि आत बघून ओरडले, "अगं ये, भाईर ये! पोरगी बघ कशी हाय! एका चढाईत आख्खं घर मारलं हिनं! च्या टाक, गोडाचा!"

दादा म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "चालेल." आणि लग्न ठरलं!

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण अण्णा कप्तान माणूस, हिशेब पुरा केल्याशिवाय सोडतो का?

लग्न नसरापूरच्या कार्यालयात. तुम्हाला माहीतच आहे, नवरदेव मांडवात बसला की करवल्या त्याचे बूट पळवतात. मंगलाष्टकांआधी अण्णांनी माईक हातात घेतला. "नवरदेवाचं बूट राखायचं मानाचं काम नवरीच्या काकांना देतोय. ते फितूर व्हनार न्हाईत, याची मला खातरी हाय. आन या कामाला त्यांच्याइतका अनुभवी मानूस आख्ख्या भोर-वेल्ह्यात न्हाई!"

सगळा मांडव हसला. पण मी मनात म्हटलं, हसा! आयुष्यात पहिल्यांदा मैदानात उतरतोय. दाखवतोच! बूट मांडीवर घेतले, दोन्ही हात त्यावर ठेवले, करवल्या चार वेळा आल्या, चारही वेळा हाकलल्या. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. मंगल जवळ येऊन म्हणाली, "अहो, अक्षता टाका की! सख्ख्या पुतणीचं लग्न आहे, एक हात तरी उचला."

मी उचलला. दोन्ही उचलले. डोळे भरून आले होते हो!

टाळ्या थांबल्या आणि खाली बघितलं, तर मांडी रिकामी! बूट मंगलच्या पिशवीत, मंगल करवल्यांच्या घोळक्यात, आणि करवल्या माझ्याकडे बघून नाचतायत.

अण्णा आले, माझ्या खांद्यावर तो भला मोठा हात टाकला आणि कानात म्हणाले, "काय पाव्हणं, बचावफळीनं माती खाल्ली का?"

"नाही, अण्णा," मी म्हणालो. "कप्तानच फुसका निघाला."

आठवड्याने मार्गासनीहून एक खोकं आलं. आत अण्णांची सातवी ढाल, भोंगवलीच्या फायनलची. आमच्या दिवाणखान्यात ठेवली आहे. येणारेजाणारे विचारतात, "हे कशाबद्दल?" मी तोंड उघडायच्या आत मंगल आतून ओरडते, "चपला सोडून बुटांकडे वळले, त्याबद्दल!"