माझे दोन सेकंद

आमच्या लॅबच्या फॉर्मवर उंची, वजन, कंबर, मांडी, हाताची पकड, धावणं असे रकाने आहेत आणि सगळ्यात खाली 'शेरा'. शेरा कुणीच लिहीत नाही. तीन वर्षांत एवढी पोरं मोजली, त्यांचे सगळे न लिहिलेले शेरे माझ्या पोटात साठलेत. कुणी चहाला आलं की ते बाहेर पडायला लागतात आणि समीर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "झाली हिची अनघा सुरू."

तर अनघा कोण, ते आधी सांगते. मी वैशाली, नागपूरची फिजिओ. डब्लिनला आल्यावर दोन वर्षं टॅला नावाच्या उपनगरातल्या घरात बसून काढली. समीर ऑफिसला गेला की मी आणि खिडकी. मग एका कॉलेजच्या फिटनेस लॅबमध्ये नोकरी लागली. विद्यार्थ्यांच्या अंगात चरबी किती, ताकद किती, दम किती, ते मोजायचं. सहा महिन्यांनी तिथेच अनघा आली. पुण्याची. अख्ख्या आयर्लंडमध्ये बाईला माझीच लॅब सापडली. दिसायला छान, बोलायला गोड, आणि कामाला... कामालाही चांगली आहे, काय करणार. जूनमध्ये दोघींची कॉन्ट्रॅक्टं संपणार होती आणि कायमची जागा एकच निघणार होती. मला परत त्या खिडकीत जाऊन बसायचं नव्हतं. त्यामुळे पुढचं सगळं ऐकताना मी जळत होते हे धरूनच चाला. मी नाकारत नाही.

*

चरबी मोजायची म्हणजे दंडावर, पोटावर, मांडीवर कातडीची घडी चिमटीत धरायची आणि तिला कॅलिपर लावायचा. कॅलिपर म्हणजे काटा असलेला चिमटा समजा. आता माझे हात बारा महिने गार. अनघाचे कायम ऊबदार. त्यामुळे मुली तिच्या रांगेत, आणि माझ्याकडे जे उशिरा आले ते.

एक दिवस म्हटलं, बघतेच. प्रत्येकीच्या आधी बेसिनवर जाऊन गरम पाण्याखाली हात धरायला लागले. पहिलीच मुलगी, निव्ह नावाची. तिने दंड पुढे केला, मी चिमटी घेतली, ती सटकली. परत घेतली, परत सटकली. मग टॉवेलने हात पुसत बसले, तोवर ते पुन्हा बर्फ. निव्ह फार गुणाची. इथे 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात. शांतपणे म्हणाली, "आधी नुसते गार होते ना, ते ग्रँड होतं. आता गार आणि ओले आहेत."

पलीकडून अनघाचा आवाज आला, "हवं तर मी घेते गं."

हवं तर म्हणे.

*

शेन मलिंगार गावचा. त्याला रग्बीच्या टीममध्ये जायचं होतं आणि कोचने वजन वाढवायला सांगितलं होतं. महिन्याभरात तीन किलो वाढलेलं. मी आकडा लिहिला, वर शाबासकीही दिली. अनघा जाता जाता थांबली, त्याच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "किती लिटर?"

"तीन," शेन म्हणाला.

माझ्या तीन किलोंचं तिथेच पाणी झालं. पुढे त्याची धावण्याची चाचणी होती. भोंगा वाजला की या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळायचं, आणि भोंगे हळूहळू जवळ जवळ येत जातात. तिसऱ्या भोंग्याला शेन रेषेवर थांबलाच नाही. तसाच दारातून बाहेर, कॉरिडॉरच्या टोकाला, टॉयलेटात. आमचा बॉस डेक्लन स्टॉपवॉच घेऊन उभा होता. म्हणाला, "या वर्षातला सगळ्यात चांगला वेग. लिहून ठेव."

*

आता हा किस्सा सांगताना मलाच कसंतरी होतं. ओर्ला नावाची एक मुलगी होती. वजनकाट्यावर पाय ठेवायची आणि लगेच उतरायची. अनघाने काय करावं? काट्याचा डिस्प्ले स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, "हा आकडा माझ्या कामाचा आहे, तुझ्या नाही. तू मला सांग, काल किती मजले चढलीस?" ओर्ला सांगत बसली, वजन होऊन गेलं. जाताना मिठी मारून गेली तिला.

मी दोन दिवस विचार करत होते, हे मला का नाही सुचलं. तिसऱ्या दिवशी एक दांडगा मुलगा आला. मीही डिस्प्ले स्वतःकडे वळवला, चेहरा प्रेमळ केला आणि म्हटलं, "हा आकडा तुझ्या कामाचा नाही."

तो पांढराफटक पडला. म्हणाला, "माझ्या आईला फोन करू का?"

*

लॅबमध्ये एक मशीन आहे. अनवाणी उभं राहायचं, हातात दांड्या धरायच्या, आणि ते चरबी, स्नायू, पाणी असं सगळं छापून देतं. शेवटच्या ओळीत शरीराचं वय. एकदा लंचला कुणी नसताना मी उभी राहिले. माझं खरं वय एकोणचाळीस. मशीन म्हणालं, एकावन्न.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण ट्रेमध्ये अनघाचा कागद पडलेला होता. सव्वीस. माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे ती.

म्हटलं, मशीन बिघडलंय. तळपाय पुसले, घड्याळ काढलं, मंगळसूत्र काढलं, परत उभी राहिले. बावन्न. घरी येऊन समीरला सांगितलं. तो कुकरची शिट्टी काढत म्हणाला, "मधल्या काळात तू अनघाचा कागद वाचलास, त्याचं एक वर्ष धर."

*

आई तीन महिने आमच्याकडे होती. अनघाने तिला हळदीकुंकवाला बोलावलं. मला कामाचं निमित्त सापडलं, आई गेली. परत आली ती अनघाचा पाढा म्हणतच. घर कसं लख्ख, साबुदाणा कसा मोकळा, पोरगी कशी नम्र.

"अन् तुझी किती तारीफ करत होती," आई म्हणाली. "म्हणे, काकू, लॅबमधी वैशालीसारखा हात कोणाचाच नाही. मी तर तिच्याकडे पाहूनच शिकते म्हणे."

"आई, ती पुण्याची आहे. असं बोलतात ते. त्याचा अर्थ लावायचा नसतो."

"काहून एवढी जळून राहिली तू तिच्यावर? लहानपणापासून तुझं हेच. आपल्या ताटात काय वाढलं ते पाहायच्या आधी शेजारच्या ताटात पाहते."

मी म्हटलं, पोळी गरम आहे तोवर खा.

*

मग आला मे महिना. डेक्लनने सांगितलं की कायमच्या जागेसाठी मुलाखत वगैरे काही नाही, हात बघणार. कॉर्कहून ब्रेडा नावाच्या बाई येणार. या कामात सगळे ज्यांचा हात प्रमाण मानतात, त्या. दहा विद्यार्थी, प्रत्येकाच्या मांडीवरची घडी. ब्रेडा मोजणार, मी मोजणार, अनघा मोजणार, तिघी वेगवेगळ्या. जिचे आकडे ब्रेडांच्या जवळ, तिची जागा.

आदल्या गुरुवारी आम्ही दोघींनी त्याच दहा जणांवर सराव केला आणि कागद प्रेसमध्ये ठेवले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मीही आता तेच म्हणते. अनघा घरी गेल्यावर मी प्रेस उघडला. हो, उघडला. तिचा कागद माझ्या कागदाशेजारी धरला. दहाच्या दहा मुलांना माझा आकडा तिच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटरने जास्त.

याचं कारण मला माहीत होतं. कॅलिपर लावल्यावर दोन सेकंदांनी काटा वाचायचा असा नियम आहे. जास्त थांबलं की चरबी दबते आणि आकडा खाली येतो. मी मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणते आणि वाचते. अनघा मुलांशी गप्पा मारत निवांत वाचते. म्हणजे खरं तर चूक कुणाची, हे फिजिओच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल.

पण मी काय विचार केला? डेक्लन मला नेहमी म्हणतो, वैशाली, घाई करू नकोस. आई म्हणते, घाई. समीर म्हणतो, घाई. म्हणजे माझे दोन सेकंदच घाईचे असणार. आणि अनघाचं कधी काही चुकलंय का? ऊबदार हात, मोकळा साबुदाणा, सव्वीस वर्षं. ती म्हणते तेच बरोबर असणार. मग पाच दिवस मी समीरच्या दंडावर सराव केला. एक हजार एक ते एक हजार चार. अगदी निवांत.

मंगळवारी ब्रेडा आल्या. मी दहा जण मोजले, प्रत्येकाला एक हजार चारपर्यंत थांबले. फार छान वाटलं. पहिल्यांदाच अनघासारखं वाटलं.

दुपारी ब्रेडांनी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. पहिला मुलगा. ब्रेडा अठरा, अनघा अठरा, मी सोळा. दुसरी मुलगी. ब्रेडा बावीस, अनघा बावीस, मी वीस. पाचव्यानंतर मी बघायचं सोडलं. गुरुवारचा माझा कागद मला तोंडपाठ होता. पहिला मुलगा अठरा, दुसरी मुलगी बावीस.

डेक्लनने अनघाशी हात मिळवला. मी प्रेसमधून माझा कोट काढत होते, तेवढ्यात ती मागून आली आणि गळ्यातच पडली. डोळ्यात पाणी.

"वैशाली, मला आधी सॉरी म्हणू दे. गुरुवारी घरी जायच्या आधी मी तुझा कागद बघितला. माझे सगळे आकडे कमी. मी बडबडत बसते आणि काट्याकडे उशिरा बघते, मला कळतं गं ते. म्हटलं, वैशालीचं आहे म्हणजे बरोबरच असणार. तू पुटपुटतेस ना, एक हजार एक, एक हजार दोन? पाच दिवस बसमध्ये तेच म्हणत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली." तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे नीट बघितलं. "पण आज तुझं काय झालं?"

मी कोट चढवला आणि दोन्ही हात खिशात घातले.

"हात गार होते गं," मी म्हटलं.