काचपात्रातलं तांबं

प्राची भोईरला एका जागी बसवत नसे. जेवताना मध्येच उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा येऊन बसायची. "बाय, पायाला भिंगरी लावलीय का तुझ्या?" आई मोतीबाई विचारायची. प्राचीचं लक्ष मात्र धाकट्या भावाच्या हाताकडे असायचं. अल्पेशचा घास आज सरळ तोंडात गेला का?

अल्पेशच्या अंगातलं तांबं बाहेर पडत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठत जातं. आजार जन्माचाच. पण तो कळला अल्पेश कॅम्प तीन या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग करायला लागल्यावर, कापड वाकडं कापलं जाऊ लागलं तेव्हा. रोज उपाशीपोटी कॅप्सूल सुरू झाल्या. त्यातलं औषध तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. पण त्याला मळमळायचं, अन्नाची चवच जायची.

म्हणून प्राचीने पीएचडीला तोच विषय घेतला. तांब्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात एखादं सेंद्रिय संयुग घालायचं आणि ते तांब्याला किती घट्ट धरतं, हे विजेच्या प्रवाहावरून मोजायचं. द्रावणात इलेक्ट्रोड बुडवला की पडद्यावर आलेख उमटतो. मोकळं तांबं असेल तिथे उंचवटा दिसतो. संयुगाने ते धरलं की उंचवटा सरकतो, खाली बसतो.

फेब्रुवारीत तिने स्वतः तयार केलेल्या संयुगाचे थेंब घातले आणि उंचवटा पार नाहीसा झाला. कॉलेजच्या जिन्यातूनच तिने घरी फोन लावला. "आई, सापडलं गं! काय घट्ट धरलंय तांब्याला!"

"पुन्हा करून बघ," एवढंच तिच्या मार्गदर्शक संजीवनी मॅडम म्हणाल्या. प्राचीला राग आला. तरी तिने पुन्हा केलं, घाईघाईने, एकामागून एक. दरवेळी तेच.

मग एक दिवस तुलनेसाठी तिने नुसत्या तांब्याच्या द्रावणात तोच इलेक्ट्रोड बुडवला. संयुगाचा त्यात थेंबही नव्हता. तरी उंचवटा नाहीच! इलेक्ट्रोड मखमली कापडावर पांढऱ्या पुडीने घासला, धुतला, पुन्हा बुडवला. उंचवटा ताठ उभा. म्हणजे संयुग तांब्याला धरत नव्हतं, इलेक्ट्रोडलाच चिकटून बसत होतं. तांबं पाण्यात मोकळंच फिरत होतं.

ती हेंद्रेपाड्यातल्या घरी आली तेव्हा अल्पेश शर्टाचं बटण लावत होता. बटण काजात जाईना. हात आधीपेक्षा जास्त कापत होता. प्रयोगांच्या धांदलीत गेले काही आठवडे तिने त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"गोळ्या घेतोयस ना?"

त्याने बटण सोडून दिलं. मग जड जिभेने म्हणाला, "बंद केल्या. तूच बोललीस ना ताई, सापडलं म्हणून? फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, आता तुझंच औषध येईल. त्या गोळ्यांनी लय उलटी येते गं."

प्राचीने त्याचं बटण काजात घातलं. "अरे वेड्या, ते काचेच्या भांड्यातलं होतं. आणि तेही चुकलं. औषध-बिवध काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मोतीबाईने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर अल्पेशवर रागावले. थोड्या मात्रेपासून पुन्हा सुरुवात केली. "गेलेलं सगळं परत येईल असं सांगू शकत नाही," ते स्पष्ट बोलले.

दिवाळीपर्यंत अल्पेशची जीभ मोकळी झाली. हाताची थरथर कमी झाली, गेली नाही. कटिंग मशीन सुटलं. आता तो त्याच कारखान्यात तयार जीन्स तपासतो. उलटी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे.

प्राचीने ते संयुग सोडून दिलं, दुसरं हाती घेतलं. प्रबंध वर्षभर लांबला. परवा नव्या द्रावणात उंचवटा किंचित सरकला. इलेक्ट्रोड घासून पाहिला, तरी सरकलेलाच. तिने फोन हातात घेतला, ठेवला, प्रयोगशाळेत दोन चकरा मारल्या आणि तिसरं भांडं भरायला घेतलं.