म्होरकीसकट दिलेला तांबडा

माझे दाजी गोंबो मुलखाचे घुमे. माणसाचं, मेंढीचं, कुणाचंही हाड मोडो, त्यांनी हात लावला की बसलंच म्हणून समजा. पण तोंडातून "बरं" आणि "हं" यापलीकडे काही निघायचं नाही. माझी थोरली बहीण गेल्यावर तर तेवढंही बंद झालं. त्यांची गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, माझ्या गेरपासून हाकेच्या अंतरावर. रोज दुपारी मी मिठाच्या चहाची किटली घेऊन जायची आणि भिंतीशी बोलून परत यायची.

त्या वर्षी बर्फ धरायला लागलं तेव्हा टेकडीपलीकडचा शागदार त्याचा तांबडा घोडा ओढत आणून उभा राहिला. आमच्यात घोड्याला नाव देत नाहीत, रंगानंच ओळखतात. पण नुसतं 'तांबडा' म्हटलं की अख्ख्या खोऱ्याला हाच कळायचा. तीन नादाम, म्हणजे जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यती, जिंकलेला. चौथ्या शर्यतीत पुढचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला, तो आता टेकत नव्हता.

"बघ बाबा जमतंय का," शागदार म्हणाला. "नाही जमलं तर तुझं हिवाळ्याचं मांस. माझ्याच्यानं सुरी धरवत नाही." दोर दाजींच्या हातात कोंबून तो तोंड फिरवून निघाला. रडत होता, म्हणून मागे बघितलं नाही त्यानं.

"दाजी, मांसच करा," मी म्हणाले. "तीन पायांचा घोडा म्हणजे लांडग्यांना आवतण. आणि गवत कुठलं घालणार?"

दाजी दोन दिवस त्या पायावरून हात फिरवत नुसते बसले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पळणार नाही. पण महिनाभर हलला नाही तर हाड धरेल. जगेल." मग वाळुंजाच्या फोका आणि नमद्याच्या पट्ट्यांनी त्यांनी पाय बांधला. आणि बोलायला लागले. माझ्याशी नाही, घोड्याशी. एकदा मी बाहेर किटली धरून ऐकत राहिले. माझ्या बहिणीचा हात चुलीवर भाजला होता ते त्याला सांगत होते. मला राग आला, आणि लगेच रडूही आलं.

दहाव्या दिवशी भरदुपारी धुकं होतं. मी पोचले तर शागदारच्या अकरा घोड्या तांबड्याभोवती गोल करून उभ्या. तोंडं सगळ्यांची आत. कुणी खुरानं बर्फ उकरत नव्हती, शेपूट हलवत नव्हती. एवढ्या थंडीत एकीच्याही नाकातून वाफ येत नव्हती. मला त्यांच्यातूनच जावं लागलं. एकीच्या कुशीला माझा खांदा घासला तरी तिनं कातडी थरथरवली नाही.

शागदार आला, शिव्या घालत हाकलून घेऊन गेला. दुसऱ्या दुपारी त्या परत आल्या. तिसऱ्या दुपारी सगळा कळप आला, शिंगरांसकट. चरणं नाही की काही नाही. दोन शिंगरं उभ्या उभ्या कोसळली आणि मेली.

"काय करणी केलीस माझ्या कळपाला?" शागदार दाजींच्या अंगावर धावून आला. "आत्ताच्या आत्ता काप तो लंगडा, नाहीतर मी कापतो."

तेव्हा माझं लक्ष घोड्याच्या तोंडावर बांधलेल्या म्होरकीकडे गेलं. इतके दिवस मी रोज बघत होते आणि दिसलं नव्हतं.

"अरे शागदार," मी म्हणाले, "म्होरकी का नाही काढून घेतलीस?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. घोडा विका, दान द्या, पण म्होरकी काढून घरी आणायची, नाहीतर घरची बरकत तिच्यामागे चालू लागते. पोरासोरांना ठाऊक असतं हे. रडण्याच्या भरात तो विसरला, आणि मोडक्या पायाच्या नादात दाजींनीही तिकडे बघितलं नाही.

"दे मग काढून," शागदार म्हणाला. आवाज खाली आला होता.

दाजी हलले नाहीत. परत दिलेल्या म्होरकीचा घोडा मोकळा होतो. त्याला पुन्हा कुणी दोर लावायचा नाही, असा रिवाज.

"एक महिना थांब," दाजी म्हणाले. "हाड धरू दे."

"महिन्यात एक शिंगरू उरणार नाही, गोंबो."

दाजींनी त्या शिंगरांकडे बघितलं. मग बराच वेळ तांबड्याकडे. आणि म्होरकी काढून दिली. त्यासरशी सगळ्या कळपानं एकदम श्वास सोडला, वाफच वाफ झाली, आणि घोड्या टेकडीकडे वळल्या. तांबड्यानं दाजींच्या छातीला कपाळ लावलं. मला वाटलं, राहतोय. मग तोही तीन पायांवर उड्या मारत त्यांच्यामागे निघाला.

"थांबवा ना त्याला," मी म्हणाले.

"कशानं?" दाजी म्हणाले.

सकाळी आम्ही माग काढत गेलो. खिंडीपर्यंत तीन खुरं आणि एक फरफटलेली रेघ. खिंडीतून कळपाचा माग शागदारच्या गोठाराकडे उतरला होता, आणि तांबड्याचा एकट्याचा उत्तरेला, जिकडे कुणाचीच वस्ती नाही. तिथेच फोका आणि पट्ट्या पडल्या होत्या. गाठी सुटलेल्या नव्हत्या, नमदा फाटलेला नव्हता. पुढे बर्फात चार खुरं होती, लांब लांब टाकलेली, भरधाव.

मला हायसं वाटलं. "बरा झाला की हो दाजी," मी म्हणाले.

दाजी गुडघ्यांवर बसले आणि डाव्या खुराच्या ठशात त्यांनी तळवा ठेवला. "सगळा भार टाकलाय," म्हणाले. "तो पाय रोज माझ्या हातात होता, सुरेन. तो असा पळू शकत नाही. जिवंतपणी नाही."

बोटं निळी पडली तरी हात काढेनात, तेव्हा मी दंडाला धरून ओढलं. "एकच महिना हवा होता मला," ते म्हणाले आणि मोठ्यानं रडायला लागले. शागदारची बाकीची शिंगरं तरी वाचली, एवढं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी त्यांची बोटं माझ्या हातांत घेऊन चोळत बसले.