शेवटची हाळी बाईंची

उजव्या हाताचा पंजा वर करायचा, बोटं फाकवायची आणि विचारायचं, "पहिला कोण?" बाईंची ही सवय तुम्हीही पाहिली असेल, कारण त्या हे फक्त रानात करत नसत. देवगाव फाट्यावर एसटीत चढताना करत, पिठाच्या गिरणीत करत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा करत. गर्दी दिसली की पंजा वर! आणि पहिला कोण ते ठरलं की स्वतः सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहत.

माझं फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान. पाण्याची जळालेली मोटार आणा, नवी तार भरून न्या. बाईंच्या गावानं मला बरीच वर्षं पोसलं. रात्री-अपरात्री येणाऱ्या लाईटसाठी उठायला नको म्हणून त्या गावात प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवला होता. लाईट आली की मोटार आपोआप चालू. युक्ती झकास, पण सगळ्यांचीच एक. त्यामुळे लाईट आली की शिवारातल्या झाडून सगळ्या मोटारी एकाच वेळी उचल खायच्या, डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडायचा, एखाद्या वेळी डीपीच जळायचा. मग मंडळी वीज खात्याला शिव्या घालत माझ्या दुकानात यायची. मीही सोबतीनं शिव्या घालायचो, तो धंद्याचाच भाग होता.

पुढे गावानं स्वतःची सहकारी वीज संस्था काढली. माळावर सोलर लागलं, विहिरींना दिवसा हक्काची वीज मिळाली. अध्यक्षपदावरून दोन भावक्या हटून बसल्या, तेव्हा दोघींनाही नको असलेल्या बाई अध्यक्ष झाल्या.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे ऑटो काढायला लावले. नियम असा की सकाळी लाईन सुटली की ओढ्यापलीकडच्या विहिरीनं आधी मोटार लावायची आणि हाळी द्यायची, "चालू!" ती ऐकून पुढच्यानं लावायची. अशी हाळी बांधाबांधावरून सरकत यायची. बाईंची विहीर सोलरच्या शेजारी, तरी त्यांची पाळी सगळ्यांत शेवटची. त्यांची हाळी येईपर्यंत स्टार्टरजवळून कोणी हलायचं नाही. ती आली की सगळं शिवार भाकरीला बसायचं.

मोटारी जळायच्या थांबल्या आणि माझं दुकान बसलं. बाई मुद्दाम दुकानात येऊन विचारत, "काय करायलास रे? माशा हाकायलास?" मग स्वतःच सांगत की पंखे भरायला शीक. मी शिकलो, न शिकून सांगतो कोणाला!

खरी गंमत गेल्या उन्हाळ्यातली. एका खाजगी कंपनीचा साहेब गावात आला आणि देवळापुढे बैठक बसली. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण असलं काही चुकवणाऱ्यांतला मी नव्हे. साहेब मुलगा गोड होता, समजावतही छान होता. वीज आता कोणालाही विकता येते, बाजार खुला झालाय, तुमची सगळी वीज आम्हाला द्या, भाव तुम्ही मागाल त्याच्या वर. विहिरींना मग पुन्हा जुनी लाईन, म्हणजे बरेचदा रात्रीची. हे शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला, पण बोलला.

नुसता गलका उडाला. सगळे एकदम उठले, सगळ्यांनाच विकायची होती. बाईंचा परभणीत नोकरी करणारा मुलगाही खास त्यासाठी आला होता आणि खांबाला टेकून आईकडे बघत होता. बाईंनी पंजा वर केला.

"मोटारी लावता तसं बोला. वीज विहिरीला ठेवायची त्यानं चालू म्हणा, इकायची त्यानं बंद. पहिला कोण?"

ओढ्यापलीकडून सुरुवात झाली. बंद. बंद. मग एक जण जरा घुटमळला, भुईमूग आठवला असावा, आणि चालू म्हणाला. पुन्हा बंद. पुन्हा चालू, चालू. एकेकटं बोलायची वेळ आली की माणूस आपल्या विहिरीत डोकावतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. फिरत फिरत पाळी दाजींवर आली. दाजी म्हणजे शेळ्या राखून अर्धा एकर करणारे, बाईंच्या बांधाला लागून.

"दिवसा पाणी आल्यापासून मी रातच्याला घरात निजायलोय," दाजी म्हणाले. "चालू."

दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि उरल्या बाई. मुलानं दुरूनच खुणावलं, बंद म्हण.

"माझंबी मन इकायचंच होतं," त्या म्हणाल्या. "पण माझी पाळी दाजीच्या मागं येती. त्याला परत रातच्याला इंचूकाट्यात धाडून मी घरात कशी निजू? चालू."

मी टाळी वाजवली, ज्याचा धंदा बुडाला होता त्यानं! बाई लगेच साहेबाकडे वळल्या. पावसाळ्यात मोटारी गप असतात, तेव्हा या, तेव्हाची वीज तुमची. साहेब हसला, आणि पावसाळ्यात खरोखरच आला.

संक्रांतीनंतर बाई गेल्या, झोपेतच. अस्थी सावडेपर्यंत गावानं लाईन सोडली नाही. सुटली त्या सकाळी मला राहवेना, मी गाडी काढून गेलो. हाळी ओढ्यापलीकडून निघाली, बांधाबांधावरून आली, दाजींनी दिली. मग बाईंच्या मुलानं बटण दाबलं, मोटार लागली, पाणीही पडलं. पण हाळी द्यायची हे त्याला कुठं माहीत! तो पाण्याकडे बघत राहिला, आणि सगळं शिवार आपापल्या स्टार्टरपाशी ताटकळत उभं.

"मालक, हाळी द्या की," दाजी म्हणाले. "लोक जेवायचे थांबलेत."

त्यानं तोंडाभोवती हात धरले. मला रडू आवरेना. त्यानं जीव खाऊन हाळी दिली, "चालू!" आणि लांबवर एकेक माणूस भाकरीचं फडकं सोडायला खाली बसताना दिसला.